मायाक्का मुराळी गेली

“ताई, औंदा परत छावणी बसणार म्हणत्यात.”

मायाक्काचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर हळकुंडं पसरत होते. सांगलीत हळदीचे सौदे सुरू झाले की वर्षाची हळद घरी आणायची, खडखडीत वाळवायची आणि मग दळून ठेवायची, हा माझा दरसालचा उद्योग. हात पिवळे, पदर पिवळा, आता फोनही पिवळा झाला. मी म्हटलं, “बसू दे की. तुझं काय अडलंय?”

“माझं काय अडतंय? जनावरांचं अडलंय. कडबा संपला. हिरीत नुसता गाळ हाय.”

“म्हणजे तू परत जाणार तिथं?”

“मग काय करू? तुमच्या गच्चीवर आणून बांधू व्हय म्हशी?”

एवढं सगळं होऊन या बाईला विनोद सुचतो, आणि मला तो ऐकून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. हात हळदीचा होता म्हणून मारला नाही.

मायाक्का कवठे महांकाळच्या पूर्वेकडच्या माळावरची. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी आणि एक खिलार गाय. मी त्या भागात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त. माझं माहेर कुंडलचं, उसातलं. आमच्याकडं पाणी जास्त झालं म्हणून जमिनी खारवतात, आणि तिच्याकडं टँकर येणार म्हणून घागरी सकाळपासून रांगेत उभ्या असतात. जिल्हा एकच. या जिल्ह्याचा मला किती वेळा राग आला असेल, त्याला गणती नाही.

मागल्या छावणीच्या त्या उन्हाळ्याची आठवण काढायची नाही असं मी दरवर्षी ठरवते. पण मार्च सरला, वाऱ्याला ती भाजकी धूळ आली, पेपरात ‘चाराटंचाई’ हा शब्द दिसला, की छावणी माझ्या नाकात येऊन बसते. शेणाचा आणि मुताचा वास, त्यावर सुकत चाललेल्या वाड्याचा गोडसर, आंबूस वास. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आमच्या नदीकाठावरून ट्रॅक्टर भरून ते यायचं, आणि ट्रॅक्टरचा आवाज लांब ओढ्यापलीकडं आला की शेकडो जनावरं एकदम हंबरायची. उपाशी जनावराचा आवाज वेगळा असतो, तो ऐकल्यावर घास गिळवत नाही.

कागदावर ती जनावरांची छावणी. पण जनावर एकटं थोडंच येतं! त्याच्यामागं म्हातारी येते, बाई येते, लेकरं येतात, चूल येते, पाटीखाली झाकलेली कोंबडी येते. बाप्ये मेंढरं घेऊन नदीच्या अंगाला गेलेले असतात, नाहीतर कुठंतरी रोजगाराला. मागं राहतात बायका आणि वयात आलेल्या पोरी, चार बांबू आणि एका निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला. घरदार सोडून माळावर पडलेली ही माणसं, पण त्यांना कुणी निर्वासित म्हणत नाही. आपल्याच तालुक्यात असतात ना! निर्वासित व्हायला निदान जिल्हा तरी ओलांडावा लागत असेल.

आणि व्यवस्था विचाराल तर अशी चोख की बघत राहावं. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. रोज संध्याकाळी हजेरी. हजेरीला घरचं माणूस दावणीशी हजर पाहिजे, नाहीतर त्या जनावराचा दुसऱ्या दिवशीचा चारा बंद. एकदा एक कालवड दावं तोडून ओढ्याकडं गेली, तर छावणी चालवणारे बापू, तलाठी, जनावरांचे डॉक्टर, सगळे धोतर-पँट सावरत पळत सुटले. कालवड सापडली, तिचा फोटो काढला, तो वर पाठवला. आणि याच छावणीतून मायाक्काची लेक सुनी, सोळा वर्षांची पोरगी, भर दुपारी नवी साडी नेसून परक्या जीपमध्ये बसून गेली, तेव्हा फाटकावरच्या माणसानं उठून फाटक उघडून दिलं. वर हात पण केला म्हणे त्यानं. सुनीच्या कानात बिल्ला नव्हता.

सुनीला तुम्ही बघायला हवं होतं. दहावीचा शेवटचा पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी म्हशींमागं चालत छावणीत आली. मी सोमवारी लेकरांची वजनं घ्यायला जायची. लिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगायचा, झोळीत लेकरू ठेवायचं, लेकरानं आभाळ फाटल्यासारखं ओरडायचं. सुनी आपणहून येऊन उभी राहायची. झोळी धरून म्हणायची, “गप रं गड्या, भाजी न्हाईस तू. ताई फकस्त बघणार हाय, घेणार न्हाई.” लेकरू गप्प! माझ्या कुठल्या सेविकेला ते जमलं नाही. बोलायला फटकळ, हसली की वरची हिरडी दिसायची. म्हशींची धार तिची, चूल तिची, आणि वर छावणीभरच्या बायकांचे मोबाईल रिचार्ज करून द्यायचं कामही तिचंच.

मग मामा आला. कोण, कुठला, कुणाचा मामा, देवाला ठाऊक. पांढरा लेंगा-शर्ट, खांद्यावर टॉवेल, बोलणं आपल्यातलंच, पण जरा तेल लावलेलं. पहिल्यांदा आला तो वाड्याची ट्रॉली घेऊन. “माझ्याकडनं मदत म्हणून घ्या,” म्हणाला. दुष्काळात हिरवं वाडं फुकट वाटणारा माणूस म्हणजे देवमाणूसच की! दावणीदावणीनं फिरला, जनावरांच्या पाठीवरनं हात फिरवला, मायाक्काच्या म्हशीचा जबडा उघडून दात बघितले आणि म्हशीचं वय बिनचूक सांगितलं. इथंच मायाक्का फसली. ती पुढं मला म्हणाली, “ताई, ज्येला म्हशीचं दात कळत्यात, त्यो माणूस खोटा कसा आसंल?” हुंड्याला भुलली असती, शहराला भुलली असती, तर मी भांडले असते. ही जनावराच्या मायेला भुलली. या माळावरच्या बाईखेरीज दुसरं कुणी अशी चूक करायचं नाही.

दुसऱ्या खेपेला मामानं बरोबर एक बाई आणली, आणि सोयरीक काढली. वरच्या अंगाला, रेल्वेनं जायचं, तिकडं लय मोठी बागायतदार माणसं. त्यांच्यात मुलींचा तुटवडा. हुंडा नको, मानपान नको, लग्नाचा खर्च त्यांचाच.

आता आमच्याकडची रीत ऐका. पोरगी द्यायची तर आधी घर बघायचं. चार माणसं जातात. चहा पितात, पण डोळे सगळे गोठ्याकडं. जनावरं भरलेली आहेत का, विहिरीला पाणी किती, म्हातारीला घरात जेवायला विचारतात का. परत येताना वेशीवरच्या टपरीवर मुद्दाम थांबायचं आणि तिऱ्हाइताला विचारायचं, “ही माणसं कशी हाईत वो?” त्याशिवाय सुपारी फुटत नाही. पोरीला विचारत नाहीत, हा माझा जुना राग आहे. पण घर बघितल्याबिगर पोर देत नाहीत, एवढं तरी त्या रीतीत शहाणपण होतं.

ते शहाणपण छावणीनं मोडलं. मायाक्काचा नवरा बिरू मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला, आमच्या कुंडलच्या शिवारातच, कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवून होता. तो मेंढरं सोडून हलणार कसा? मायाक्का छावणीत. ती गेली तर हजेरीला कोण? दोन म्हशी आणि एक गाय उपाशी. बिरू फोनवर म्हणाला, “तुला बरं वाटंल तसं कर.” आणि हिला बरं वाटलं! डोंगराएवढं बरं वाटलं! घरातलं एक खाणारं तोंड बागायतीत पडतंय, दुसरं काय हवं? छावणीजवळच्याच एका देवळात हार घातले. मामानं अक्षता आणल्या, मामानंच टाकल्या.

पुढच्या सोमवारी मी काटा टांगला, लेकरू बोंबलायला लागलं, झोळी धरायला कुणी आलं नाही. मायाक्का मात्र हातावर साखर घेऊन आली. “ताई, सुनीचं झालं बगा.”

“काय झालं?”

“लगीन.”

मी तिच्यावर जी ओरडले! आजूबाजूच्या म्हशींनी माना वर केल्या. कायद्याचं सांगितलं, वयाचं सांगितलं, निकाल लागायचाय त्याचं सांगितलं. ती हातातली साखर धरून उभी. मग मी विचारलं, “गाव कुठलं?”

“तिकडं, वरल्या अंगाला.”

“वरल्या अंगाला म्हणजे? तालुका? आडनाव? नवऱ्याचं नाव तरी?”

तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. बाकी सगळं मामाला ठाऊक होतं. साखर तिच्या घामानं तळहातावर विरघळत होती. माझं काही तिला पटलं, असं मला त्या दिवशी वाटलं नाही. “मोठी मानसं हाईत ताई, सुखात आसंल,” एवढंच परत परत म्हणत राहिली.

तिला पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. लग्न झालं की थोड्या दिवसांनी माहेरचं माणूस पोरीला आणायला सासरी जातं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ नाहीतर चुलतभाऊ जातो, पाहुणचार घेतो, बहिणीला चार दिवस माहेरी आणतो. मायाक्काला मुलगा नाही, म्हणून तिनं पुतण्याला तयार केलं आणि मामाला फोन लावला, की पोरगा निघतोय, पत्ता सांगा. मामा म्हणाला, आत्ता नको. दोन दिवसांनी म्हणाला, आमच्यात दिवाळीलाच पाठवतात. तिसऱ्यांदा फोन घेतलाच नाही. आणि मी एवढं बोंबलून जे झालं नव्हतं ते झालं. मायाक्का पुढच्या सोमवारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, चेहरा राखेसारखा. “ताई, मुराळ्याला नगं म्हननारं घर आसतंय व्हय कुठं? वैरी बी नगं म्हनत न्हाई.”

मी काटा तसाच फांदीला सोडला आणि तिला घेऊन निघाले.

हे मी का उगाळते आहे? कारण मागच्या आठवड्यात मला तालुक्याला बैठकीला बोलावलं होतं. विषय, ‘छावणीतील महिला व मुलींची सुरक्षितता’. चला, म्हटलं, उशिरा का होईना सुचलं! गेले, तर अर्धा तास फलकावर कुणाचे फोटो कोणत्या क्रमानं, यावर चर्चा. मग एक तरुण साहेब, चांगला सभ्य मुलगा, मला म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडं ती एक सक्सेस स्टोरी आहे ना? त्या मुलीला छावणीच्या उद्घाटनाला आणता आलं तर बघा. दोन मिनिटं बोलेल.”

सक्सेस स्टोरी! डोंबल तुमचं! मी म्हटलं, “साहेब, मुलीला राहू द्या. माझी एकच साधी मागणी आहे. छावणीत कुणाला सोयरिकीसाठी घर बघायला जायचं असेल, तर त्या दिवशी शेजारच्या दावणीच्या बाईची हजेरी चालवून घ्या. जनावराचा चारा बंद करू नका. बास. एवढं झालं तर निम्मे मामा फाटकातूनच परत जातील.”

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, “मुद्दा चांगला आहे. पण त्याला वरून पत्र यायला लागेल.” मग समोसे आले.

त्या सोमवारी पोलीस ठाण्यातही असंच होतं, फक्त समोसे नव्हते. ठाणं कुठलं ते सांगत नाही. टेबल सगळीकडं तेच असतं. टेबलामागचे हवालदार मला ओळखत होते, म्हणून बसायला खुर्ची मिळाली. मायाक्का जमिनीवर बसायला लागली, तिला मी दंडाला धरून उठवलं.

“लग्नाला तू होतीस काय?” हवालदारांनी विचारलं.

“व्हय.”

“खुशीनं दिलीस?”

“व्हय.”

“मग पळवून नेली म्हणतेस कशी?” आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पोरगी सोळाची. तक्रार लिहिली तर पहिला गुन्हा हिच्यावर पडतोय. बालविवाह. हिला आत टाकायचं का सांगा.”

मी कायदा बोलायला लागले, ते पंख्याकडं बघायला लागले. ऐकायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मायाक्का ‘आत टाकायचं’ एवढं ऐकून बाहेर निघून गेली. मी मागून गेले, तर बाई गुलमोहराच्या आळ्यावर बसलेली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. म्हणाली, “म्या आत गेल्यावर धार कोन काढंल? बिरूला धार जमत न्हाई.” मी म्हटलं, “बघू.” त्या क्षणी मला स्वतःला काही दिसत नव्हतं. रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या रिकाम्या परत चालल्या होत्या. तिनं त्या सगळ्या जाऊ दिल्या, मग उठली, पदर खोचला आणि मला न विचारता परत आत गेली. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “म्या दिली. माझी पोरगी म्या दिली, कुनी पळवली न्हाई. लिवा तसं. मला आत टाका, फाशी द्या, काय करायचं ते करा. पर पोरगी आना.”

आतल्या खोलीतून एक तरुण फौजदारीण बाहेर आली, तिनं हे ऐकलं होतं. तिनं स्वतः खुर्ची ओढली आणि लिहून घेतलं. ज्या गोष्टीला ‘होत नाही’ म्हणत होते, ती मग दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत झाली. मामाचा फोन कुठून कुठं गेला, कुठं बंद पडला, सगळं निघालं. इतकं सोपं असतं ते! हातपाय हलवले की होतं! माझा संताप आजही तिथंच अडकलेला आहे.

आता राहिली हजेरी. आमचे हे म्हणजे निवृत्त सुभेदार. सगळं ऐकून म्हणाले, “छावणीची ड्यूटी मी करतो. तू मूव्ह कर.” आणि खरंच, कडक इस्त्रीची पँट घालून माणूस म्हशींपाशी जाऊन राहिला. धार काढता येईना, ती शेजारणींनी काढली. पण संध्याकाळी हजेरीला हे बिल्ला नंबर असे खणखणीत ओरडायचे की मोजणारा दचकायचा. बापू म्हणाले, घरचं माणूस लागतं. हे म्हणाले, “मी भाऊ आहे तिचा. काही प्रॉब्लेम?” बापूंना प्रॉब्लेम नव्हता. बिरूला मी फोन करून कळवलं, तर तो आधी आब्रूच्या नावानं ओरडला, आणि मग रडायला लागला. मेंढरांच्या आवाजात त्याचं रडणं नीट ऐकू येत नव्हतं.

मिरजेहून गाडी. तरुण फौजदारीण, एक वयस्क जमादार, मायाक्का आणि मी. मायाक्का आगगाडीत पहिल्यांदाच बसलेली. फडक्यात भाकरी, मिरचीचा खर्डा आणि पाण्याची भली मोठी बाटली. मी म्हटलं, “अगं पाणी मिळतं की वाटेत.” ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.” खिडकीतून बघताना तिला फक्त चारा दिसायचा. “ह्यास्नी कडबा रग्गड हाय की वो,” असं दर थोड्या वेळानं. मला तिची दया यायची आणि डोकंही फिरायचं. मधेच एकदा माझ्याकडं वळून म्हणाली, “ताई, आईनं कवा मुराळी जायाचं आसतंय व्हय? मानसं हासतील.” मी म्हटलं, “हसू देत मेली.”

ते घर गावाबाहेर, एका कापसाच्या गोदामामागं. बागायत नाही, गोठा नाही, दारात शेणाचा पो सुद्धा नाही. मायाक्कानं दारातच थांबून सगळीकडं नजर फिरवली आणि पुटपुटली, “जनावर न्हाई ह्यांच्यात.” चार माणसांनी येऊन जे बघायचं ते तिनं एका नजरेत बघितलं. लग्नाआधी बघितलं असतं तर सुपारी तिथंच परत घेतली असती. पोलीस आत शिरले. आरडाओरड झाली. त्या गडबडीत तिथल्या एका बाईनं, लोक आलेत म्हणून असेल नाहीतर भीतीनं असेल, पाण्याचा तांब्या आणून मायाक्कापुढं धरला. आणि ही काय म्हणाली असेल? “आमी लेकीच्या घरचं पानी पीत न्हाई.” आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी घेत नाहीत. मला तिथं, त्या दारात, एवढा राग आला की तिला गदागदा हलवावं. अगं बये, हे सासर नाही! ही सोयरीक नाही! इथं कसली रीत पाळतेस! पण ती आपली बाटली छातीशी धरून उभी होती. त्या बाटलीखेरीज तिच्याजवळ धरायला काही नव्हतं.

मागच्या दारानं फौजदारीण सुनीला घेऊन आली. आणखी एक मुलगी होती, तिची भाषा आमच्यातल्या कुणाला येत नव्हती. सुनीच्या हाताला राख, ती भांडी घासत होती. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हंबरडा फोडेल. ती म्हणाली, “आई, म्हशींच्या हजेरीला कोन हाय?”

“सुभेदार हाईत,” मायाक्का म्हणाली. आणि मग दोघी जमिनीवर बसल्या. मायाक्कानं बाटली उघडून तिला पाणी पाजलं. छावणीतल्या टँकरचं, कोमट, प्लॅस्टिकचा वास मारणारं पाणी. सुनीनं बाटली रिकामी केली.

त्या घरात काय झालं ते सुनीचं सुनीजवळ. मी विचारलं नाही, कुणी विचारलं तर सांगणार नाही. परत आल्यावर छावणीतल्या बायका तिच्या ताडपत्रीत आल्या, एकीनं तिच्या डोक्याला तेल घातलं. त्यानंतर पाऊस पडून छावणी उठेपर्यंत बायकांनी आपल्यात ठरवून टाकलं होतं, की सोयरीक आली तर दोघी जाऊन घर बघून येणार, आणि बाकीच्या त्यांच्या दावणी सांभाळणार. बापूंशी मी भांडून ते चालवून घेतलं. पत्रबित्र काही आलं नव्हतं. त्यानंतर दोन पाहुणे येऊन गेले. ‘आमी आधी घर बघनार’ म्हटल्यावर एकाला उन्हाचा त्रास आठवला, दुसरा चहा अर्धा टाकून गेला.

आता कायद्याची करणी ऐका. मामा फरार. जीप सापडली, मामा नाही, आजतागायत नाही. त्या घरातल्या माणसांचा खटला तिकडं, परराज्यात, काय चाललंय ते इकडं कुणी सांगत नाही. बिरू लग्नाला हजर नव्हता म्हणून त्याचं नाव आलं नाही. राहिली कोण? जिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं ती. आमच्या वकीलबाई सांगतात, या कायद्यात बाईमाणसाला तुरुंग नाही, फार तर दंड होईल. मग त्या दिवशी टेबलामागून ‘आत टाकू’ म्हणून घाबरवलं ते कशाला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते काही उगाच नाही. तुरुंग नाही, पण तारीख आहे. वर्षं झाली, मायाक्का तारखेला येते, वऱ्हांड्यात बसते, पुढची तारीख घेऊन जाते. सुनी आता मिरजेत एका दवाखान्यात काम करते. तीही प्रत्येक तारखेला सुटी टाकून येते. उद्घाटनाचा निरोप मी तिच्या कानावर घातला, तेव्हा म्हणाली, “मी न्हाई येनार ताई. त्यास्नी सांगा, मला आईला घिऊन कोर्टात जायाचं आसतंय.”

परवाच तारीख होती. मी गेले होते. वऱ्हांड्यात पंखा नाही, माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली. पुकारा झाला, “आरोपी मायाक्का, हजर?”

“हाय की,” मायाक्का म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. सरकारी वकील रजेवर. पुढची तारीख. मायाक्का पदरानं तोंड पुसत म्हणाली, “चला, जनावरांची येळ झाली.” तिच्या लेखी विषय संपला. पण सुनी हलली नाही. ती दाराशी बसलेल्या कारकुनापुढं जाऊन उभी राहिली.

“साहेब, आईनं मला दिलं, ते लिवलंय न्हवं तुमी?”

कारकुनानं मान वर केली. “हं. मग?”

“तिनंच मला आणलं. ते कुठं लिवलंय?”

कारकून समोरच्या गठ्ठ्याला दोरी बांधायला लागला. पट्टेवाला पुढं आला. “ओ बाई, हळू बोला. आत कोर्ट चालू हाय.”

“म्हनून तर,” सुनी म्हणाली, आणि उघड्या दाराकडं तोंड करून तिनं मोठ्यानं तेच पुन्हा विचारलं.